मगरीला लावलेली सवय

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागनं कुणी म्हणायला नको की गड्यानं लपवलं. आमच्या गावच्या मगरीला माणसाजवळ यायची सवय मी लावली. मी एकट्यानं. आणि ते भोगलं माझ्या वैनीच्या उजव्या हातानं. हे तिला सांगायला मला अकरा दिवस लागले. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस मी, पण त्या अकरा दिवसांत माझ्याइतका भेकड माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात नसेल.

गाव कृष्णाकाठचं. मळीची काळी जमीन, त्यात ऊस, आणि ऊस संपला की नदी. शेती थोरला भाऊ बघतो, त्याला मी दादा म्हणतो. वैनी ही त्याची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी चौथीत होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, गुडघे फुटले की हळद तिनं भरली, पण पहिल्या दिवसापासून मला 'भावजी' आणि 'तुमी' म्हणत आली. नऊ वर्षांच्या पोराला! "भावजी, आदी नाक पुसा," असं म्हणायची आणि दादा हसून लोळायचा. मी मात्र तिला 'तू'च म्हणतो. लग्न काही मी केलं नाही, त्यामुळं आजही माझं ताट तीच वाढते.

पेन्शन घेऊन घरी आलो आणि सहा महिन्यांत दादाचं नि माझं वाजलं. मला उसात करमत नाही. चारी बाजूंनी हिरवी भिंत, मधे आपण, वारा म्हणून नाही. शेवटी दादा वैतागून म्हणाला, "तू जा बाबा, कुटं हिंडायचं तिकडं हिंड, पर माज्या पाटात पाय घालू नगंस." मला तेवढंच पाहिजे होतं. मोटरसायकल काढली, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि सुटलो.

पाटण ओलांडून कोयनानगरच्या अंगाला जायचं, कधी ढेबेवाडीच्या खोऱ्यात, कधी चांदोलीच्या कडेकडेनं. कारवीत तासन् तास बसायचं. जळवा मोज्यातनं आत शिरायच्या आणि घरी येऊन बूट काढला की रक्तानं पाय माखलेला. एकदा धुक्यात खडकाला टेकायला म्हणून पुढं झालो आणि तो खडक फुरफुरला. गवा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं बघितलं, आणि आई शप्पथ, फौजेत कधी जेवढा सरळ उभा राहिलो नाही तेवढा सरळ उभा राहिलो. मग तोच वळून गेला. परतताना कऱ्हाडला थांबायचो, जिथं कोयना कृष्णेला मिळते. डोंगरात माझ्या पायाखालनं गेलेलं पाणीच पुढं आमच्या गावाला जाणार, ह्याचं मला लय अप्रूप वाटायचं. अजूनही वाटतं.

खाली नदीवर वेगळंच जग. सकाळी पाणमांजरांची चार-पाच डोकी वर यायची, मासा धरून कडाकडा खायची आणि एकमेकांवर भांडायची. आणि मगर. आमच्या गावाच्या वळणावर पलीकडच्या काठाला डोह आहे, तिथल्या वाळूवर एक मोठी मादी उन्हाला पडायची. शेपटीचं टोक तुटलेलं, त्यामुळं लांबनंही ओळखू यायची. अलीकडं आमचा घाट, मधे नदीचा पसारा. इतकी वर्षं ती तिकडं आणि माणसं इकडं. बायका धुणं धुवायच्या, म्हशी डुंबायच्या, ती नुसते डोळे वर काढायची आणि बुडायची. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग पाव्हणे यायला लागले. पुण्याच्या कुणीतरी ओळखीनं चौघं आले, त्यांनी आणखी कुणाला सांगितलं, असं करत महिन्यातनं दोनदा घरासमोर गाडी उभी राहायला लागली. मी त्यांना एक दिवस डोंगर दाखवायचो, एक दिवस नदी. पैसे कधी घेतले नाहीत, आणि त्याचाच मला माज. पण जंगल काही आपल्या बापाचं नसतं. दोन-दोन दिवस पाय तुडवावेत आणि गव्याचं नुसतं शेण दिसावं. एक बाई गाडीत बसता बसता म्हणाली, "काका, तुमच्याकडे काही दिसतच नाही का हो?" माझं डोकं तापलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते असल्यांसाठीच. "मगर दाखवतो, चला!" म्हणालो आणि त्यांना सरळ घाटावर आणलं. तीन तास बसलो. मगर आलीच नाही. त्या बाईनं जांभई दिली, ती मला अजून आठवते.

त्यानंतर लगेच चैत्रातली गावची जत्रा होती. आमच्याकडं पहिल्या दिवशी पोळ्या आणि दुसऱ्या दिवशी बकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मं गाव वजडी धुवायला नदीवर बसतं, आतडी उलटी करून चुन्यानं घासतात, घाण पाण्याबरोबर वाहत जाते. त्या सकाळी मी दुर्बीण लावून बघितलं तर ती डोहातनं निघाली होती आणि नदीच्या मध्यापर्यंत आली होती. लोकांनी आरडाओरडा केला, दगड मारले, ती गेली. सगळे पुन्हा कामाला लागले. मी मात्र तिथंच उभा राहिलो. मला वाटलं, अरे, हे तर सोपं आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घरातलं उरलंसुरलं पत्र्याच्या बादलीत घातलं आणि घाटावर गेलो. घाटावर मोठा सपाट दगड आहे, त्यावर आतडी ओतून रिकामी बादली आपटली, धाडधाड. आवाज पाण्यावरनं पार पलीकडं गेला. मग आतडी फेकली. पहिले तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी फेकलेलं पाण्यावर तरंगत होतं ते खालनं कुणीतरी ओढून नेलं. मग मी कोंबडीच्या दुकानातनं रोजची घाण आणायला लागलो. दुकानवाल्याला म्हणालो कुत्र्यांना पाहिजे, आणि बादलीचा वास आला तेव्हा वैनीलाही तेच म्हणालो. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की बादली वाजली की डोहात रेघ उठायची आणि पाणी कापत ती सरळ माझ्याकडं यायची. चार-पाच हातांवर थांबून तोंड उघडायची.

पाव्हणे काय खूश! "काका, कमाल आहे तुमची!" मोबाईल काढून माझ्यासकट फोटो. मी मिशीवरनं हात फिरवायचो. आणि घाटच का निवडला म्हणाल, तर तिथंवर गाडी जाते, बसायला पायऱ्या आहेत, आणि सकाळी ऊन पाठीमागनं येतं त्यामुळं फोटो चांगले निघतात. बायका यायच्या आत उरकायचं, असा मी नियम केला होता. नियम केला की झालं, असं मला वाटत होतं. फौजेची खोड, दुसरं काय.

पावसाळ्यात पूर आला आणि दोन महिने घाट पाण्याखाली गेला. भाद्रपदात पाणी उतरलं. मी बादली घेऊन गेलो आणि पहिल्याच दिवशी ती आली. मला इतका आनंद झाला की घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. म्हणजे घर वरपासून खालपर्यंत धुवून घ्यायचं आणि घरातलं एकूण एक कापूड नदीला न्यायचं, वाकळांसकट, म्हणजे जाडजूड गोधड्यांसकट. घरी मशीन आहे, पण वाकळ मशीनमधे मावत नाही, आणि दसऱ्याचं कापूड वाहत्या पाण्यातनंच निघालं पाहिजे, हा वैनीचा हट्ट. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ढीग घालून गल्लीतल्या बायका एकदमच जातात. भिजलेली वाकळ दोघींना उचलत नाही. ती दगडावर घालायची, धोपटण्यानं बडवायची, मग कमरेएवढ्या पाण्यात जाऊन खळबळायची. त्या दिवशी मी गावात नव्हतो. नाशिकची माणसं घेऊन कोयनानगरच्या वरच्या अंगाला होतो. शेकरू दिसली होती. लांब शेपटी सोडून फांदीवर बसून हिरडा खात होती, आणि पाव्हणे श्वास रोखून बघत होते. माझ्यासारखा सुखी माणूस नव्हता.

तिथं फोनला रेंज नसते. पाटणजवळ आलो आणि खिशात फोन थरथरायला लागला तो थांबेचना. दादाचे अकरा कॉल. मी लावला तर तो एवढंच म्हणाला, "मिरजंला ये. तुज्या वैनीला मगरीनं धरली."

दवाखान्याच्या बाकावर शेजारची काकी बसली होती, अजून ओल्याच लुगड्यात. तिनं सांगितलं ते मी उभ्यानंच ऐकलं. वैनी पाण्यात वाकळ खळबळत होती. मगरीनं वाकळंसकट हात धरला. बायकांनी वैनीला मागनं मिठी मारली आणि ओढलं, एकीनं धोपटण्यानं पाण्यात हाणलं. निम्मे दात वाकळंत रुतले म्हणून हात राहिला, नाहीतर गेलाच होता. "पर मला एक कळंना," काकी म्हणाली. "दगडावर वाकळा बडवायला लागलो आन् दोन वाकळा व्हायच्या आत आली की वो ती. आवाजाला जनावर पळून जातंय, आन् ही उलटी आली!"

त्या घाटावर तोच एक दगड आहे. मी बादली आपटायचो तो, आणि बायका वाकळ बडवतात तोही. रोजचं धुणं त्या पायऱ्यांवरच घासतात, दगडावर धोपटणं पडतं ते दसऱ्यालाच. तिला काय कळणार बादली कुठली आणि धोपटणं कुठलं? तिला मी शिकवलं होतं की ह्या दगडावर धाडधाड झालं की खायला मिळतं. ती जेवायला आली होती.

सगळे माझ्याकडं बघत होते. गावात मगरीतलं मला कळतं ना! दादानं विचारलं, "आसं कसं झालं रं? इतकी वरीस कवा न्हाई ते?" आणि मी, लाज वाटते सांगायला, मी म्हणालो, "पुरात वरनं नवी मगर आली आसंल. आपली न्हवं ती."

"आवं शेपूट तुटल्याली हुती की," काकी म्हणाली.

"पाण्यात काय दिसतंय तुला!" मी तिच्यावर खेकसलो. भर दवाखान्यात. जिनं माझ्या वैनीला ओढून काढलं तिच्यावर. ती बिचारी लुगड्याचा ओला पदर पिळायला लागली.

वैनीच्या हाताची दोन ऑपरेशनं झाली, आत सळई घातली. अंगठा आणि त्याच्याजवळचं बोट हलतं, बाकीची तीन वाकत नाहीत आणि वाकणारही नाहीत, असं सांगितलं. मी रोज जाऊन बसायचो. रोज ठरवून जायचो की आज सांगायचं. ती डोळे उघडून पहिलं काय विचारायची तर, "भावजी, जेवला का? तुमच्या दादांस्नी भाकरी कोण करतंय?" मी तोंड उघडायचो आणि पाणी पिऊन पुन्हा मिटायचो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. नर्स आत आली तरी मला वाटायचं हिला कळलंय.

इकडं वनखात्याची माणसं येऊन घाटावर पिंजरा लावून गेली होती. निम्मा पाण्यात, निम्मा काठावर, आत कोंबडी टांगलेली. आठ दिवस झाले, ती फिरकली नाही. एवढी माणसं, गोंगाट, ती डोहातनं हलेना. त्यांच्यातला एक तरुण साहेब दादाला म्हणाला, "तिच्या सवयी कुणाला माहीत आहेत का गावात?" दादानं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला इचारा. ह्याला समदं ठावं हाय." मी म्हणालो, "सांगता येत नाही साहेब, वाट बघा." चांगलं सांगता येत होतं. पण बादली वाजवली आणि ती आली, तर गावाला काय सांगणार होतो?

वैनीला घरी आणलं त्या दिवशी मी दुपारी घाटावर एकटाच बसलो होतो. गल्लीतली एक सून कळशी घेऊन आली. बंदी असली तरी माणसं ऐकतात का? तिनं वरच्या पायरीवर कळशी घासली आणि आतली राख झाडायला म्हणून त्या दगडावर दोनदा आपटली. ठण ठण. मी डोहाकडं बघितलं. रेघ उठली होती. "पळ!" मी असा ओरडलो की पोरगी कळशी टाकून पळाली. रेघ थोडी पुढं येऊन थांबली. तिथनं उठलो, तडक घरी गेलो आणि गोठ्यातनं बादली काढली.

संध्याकाळी साहेबांना बोलावलं. अख्खं गाव काठावर जमलं. मी सगळ्यांना मागं सारलं, पिंजऱ्याच्या मागं उभा राहिलो आणि दगडावर बादली आपटायला लागलो. पाचव्या-सहाव्या ठोक्याला ती निघाली. कुणीतरी "आई आई गं" म्हणालं. ती सरळ आली, पिंजऱ्यात शिरली आणि मागं दार पडलं. सगळं पाच मिनिटांत. आठ दिवसांत जे झालं नाही ते.

गावात शहाणी माणसं आहेत. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही. सगळे माझ्या हातातल्या बादलीकडं बघायला लागले. पिंजऱ्यात ती एकदा उसळली, जाळीला तोंड आपटलं आणि मग गप्प पडली. तिचा काय गुन्हा होता? तिला लांब कुठंतरी सोडणार म्हणाले. मला तिच्याकडं बघवेना आणि माणसांकडंही बघवेना.

दादा जवळ आला. "कवापासनं?" त्यानं विचारलं.

"जत्रंपासनं."

मला वाटलं कानाखाली वाजवेल. वाजवली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "घरी जा आन् तिला सांग. माज्या तोंडानं मी न्हाई सांगायचा."

वैनी सोप्यात बसली होती. उजवा हात उशीवर, डाव्या हातानं लसूण सोलायचा चालला होता, एकेक पाकळी दातात धरून. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. वजडी, दुकान, बादली, दगड, काकीवर खेकसलो ते, सगळं. मधे थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. ती ऐकत होती. लसूण खाली ठेवला होता.

"शिव्या दे वैनी," मी म्हणालो. "चपलीनं हाण, पर कायतरी बोल."

"शिव्या दिऊन बोटं वाकत्याल व्हय?"

मी रडायला लागलो. चाळिशी ओलांडलेला बाप्या, हमसून हमसून. तिनं रडू दिलं. मग म्हणाली, "त्या दिशी बाया पाण्यात उतरंनात. म्हणल्या, औंदा ती लय जवळ दिसाय लागलीया, घाटावरच धुवू. मीच म्हणलं, आगं चला गं. आमचं भावजी पाव्हण्यांस्नी सांगत्यात, ती गावच्या माणसाला वळखती, काय करत न्हाई. मी च्या घिऊन येती तवा ऐकलंया. आसं म्हणलं आन् मीच म्होरं उतरले."

म्हणालो होतो. प्रत्येक पाव्हण्याला, चहाचा कप हातात घेऊन, ह्याच सोप्यात. मगर गावच्या माणसाला ओळखत नाही. ती कुणालाच ओळखत नाही. हे मला पक्कं माहीत होतं, पण ऐकणारे खूश व्हायचे म्हणून उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यातलं एक माणूस मागं उभं राहून माझा शब्द खरा धरत होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग तिनं विचारलं, "भावजी, आता नदीत आनिक दुसरी हाय का?"

सवयीनं माझं तोंड उघडलं. पूर, डोह, अंडी, पिल्लं, सगळं जिभेवर तयार होतं. मी तिच्या हाताकडं बघितलं.

"ठावं न्हाई, वैनी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. डाव्या हातानं पदर ओढून डोळे पुसले.

"एवढंच तवा म्हणायचं हुतं," ती म्हणाली.